हेल्मेटखालचा बुश

माझी सून रुपाली किन्हवलीत मोटरसायकली दुरुस्त करते. चाक उतरवलं की एकेक भाग गोणपाटावर ओळीनं मांडते, उलट्या ओळीनं परत बसवते. परवा मुरबाडच्या एका गिऱ्हाइकानं हेल्मेट त्याच गोणपाटावर ठेवलं. मागचं चाक बसलं, एक्सलचा नट आवळला, त्यानं हेल्मेट उचललं, तर खाली एक्सलवरचा बुश, चाक जागेवरून सरकू नये म्हणून घालतात ती लोखंडी नळी!

"राहू दे, बारीक तर हाय," तो म्हणाला.

रुपालीनं चाक परत उतरवलं, बुश घालून बसवलं. मग नेहमीसारखं मला मागं बसवून चढावर चक्कर मारली.

तो विचारतो, "नीट बसलंय ना?"

मी भडकलेच. "तिनं बसवलेल्या चाकावर पहिली मी बसते रे! हा नंबर मी कोणाला देत नाय."