दसऱ्यापर्यंतची घोडी

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. लहानपणापासून असंच आहे. शाळेत, बाजारात, एस.टी.त, भाऊबंदांत, सगळीकडे मारामाऱ्या केल्या आणि खोटं कशाला सांगू, बऱ्याचदा मजाही आली. धरणगाव तालुक्यात आमची कपाशी आहे, एक बैलजोडी आहे, आणि गावात मला कुणी उलटून बोलत नाही. ह्या हातानेच मला एक घोडी मिळवून दिली आणि ह्या हातानेच ती घालवली.

मिळाली कशी ते आधी सांगतो. वैशाखात पुतणीचं लग्न होतं. नवरदेवाची घोडी पांढरी, नाचणारी. बँड वाजला की पुढचे पाय एकामागून एक उचलायची आणि वऱ्हाडी शिट्ट्या मारायचे. मी जवळून चाललो होतो म्हणून मला दिसलं, तिच्या तोंडातून लाल फेस येत होता. लगामाची तोंडातली सळई काटेरी होती. घोडीवाला बाजूने चालत लगाम झटकायचा आणि चाबकाची मूठ तिच्या गुडघ्यावर हाणायचा. ती पाय उचलायची आणि लोक म्हणायचे, काय नाचते राव! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण पोरीचं लग्न होतं. नवरदेव मंडपाच्या दारात उतरेपर्यंत दम धरला. मग घोडीवाल्याच्या हातातला चाबूक हिसकला आणि त्याच चाबकाने त्याला झोडपून काढला. त्याचं नाक फुटलं, कान फाटला, तरी मी थांबेना. चौघांनी धरून मला बाजूला केलं. पोलीस आले. मला बसवून ठेवलं, पण घोडीचं तोंड पाहून हवालदारच हळहळला, आणि छळातून सोडवून आणलेल्या जनावरांचा धुळ्याजवळ एक निवारा आहे, तिकडे तिला पाठवलं.

ती काही डोळ्यांपुढून हलेना. महिन्याभराने बायकोला घेऊन मी तिथे गेलो. निवारा चालवणारी बाई जनावरांची डॉक्टर, वयाने माझ्याहून बरीच लहान, पण सगळे तिला ताईच म्हणत. बऱ्या झालेल्या घोड्यांना ती चांगली घरं बघून दत्तक द्यायची. मी म्हटलं, ती पांढरी मला द्या. ताईंनी सगळी हकिगत ऐकली होती.

"भाऊ, तुम्ही त्याला का मारलं ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एवढं मारू शकता, हेही मला कळलं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने मला असा चिमटा काढला की गप्प बसलो. शेवटी ताई कबूल झाल्या, पण अटी घालून. लग्न नाही, गाडी नाही, चाबूक नाही. दसऱ्यापर्यंत घोडी माझ्याकडे विश्वासावर राहील आणि त्या अधूनमधून येऊन बघतील. दसऱ्याला घोड्याची पूजा करतात, त्या दिवशी कागद पक्का करू. त्याआधी तिच्या अंगावर एकदा जरी हात उठला तरी ती परत जाईल. मी छातीवर हात मारून हो म्हटलं.

जन्म गेला बैलांत. मला काय ठाऊक घोडीचं? पहिल्याच दिवशी बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारतात तशी मागून जाऊन मारली. तिने मांडीत अशी लाथ घातली की आठ दिवस लंगडत होतो. बायको पदर तोंडाला लावून हसली. "भेटनी तुमले कोनी तोडीस तोड!"

मग शिकलो. समोरून जायचं, उघड्या तळहातावर गुळाचा खडा धरायचा आणि हळूच म्हणायचं, चल बाई. श्रावणापर्यंत ती दोराशिवाय माझ्या मागे शेतात यायला लागली. मी निंदायला बसलो की ती बांधावर उभी. गाव म्हणायचं, "भाऊनी घोडी का घोडीना भाऊ?" एरवी असं बोलणाऱ्याचं थोबाड फोडलं असतं. ह्या वेळी मला बरं वाटायचं. सरळ सांगतो, माझा जीव जडला होता तिच्यावर. पोटच्या मुलांशीही मी इतक्या हळू आवाजात कधी बोललो नव्हतो.

आणि पोळा आला. बैलांना धुतलं, शिंगं रंगवली, झुली घातल्या. घोडी दावणीला उभी राहून बघत होती. मला वाटलं, ही पण घरचंच जनावर ना? हिने का कोरडं राहायचं? मी तिला धुतली, अंगावर गेरूचे ठसे उठवले, बैलाची घुंगरमाळ तिच्या गळ्यात घातली. बायको पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन बाहेर आली आणि बघतच राहिली. "राहू द्या तिले घर," ती म्हणाली. पण मी ऐकतोय होय!

मारुतीसमोर गावातले बैल जमले होते. बँड वाजला आणि घोडीने पुढचा पाय उचलला. मग दुसरा. लोकांनी गोल केला, टाळ्या, शिट्ट्या. भाऊची घोडी नाचते! लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला माझी छाती फुगली. वैशाखात जे बघून माझं रक्त उकळलं होतं, तेच आता माझ्या दोराला चाललं होतं आणि मी हसत उभा होतो. मग तिचे डोळे दिसले, नुसते पांढरे. तोंडात लगाम नसताना फेस आला होता. मी दोर ओढला. ती दोन पायांवर उभी राहिली आणि खाली आली ती माझ्यावरच. खूर तोंडावर बसला. दोन दात तुटून जिभेवर आले. मी चिखलात उताणा पडलो होतो, रक्त थुंकत होतो, आणि गर्दीतून कुणीतरी खदखदून हसलं.

ते हसू मला सोसलं नाही. दुसरं काही कारण नाही. तिला ओढत घरी आणली, गोठ्याच्या कोपऱ्यात बांधली, बैलांचा चाबूक काढला आणि मारलं. पाठीवर, पुठ्ठ्यावर, मानेवर. घुंगरमाळ तुटून घुंगरं शेणात पडली. ती भिंतीवर आदळत होती, दोर तुटत नव्हता, आणि मी शिव्या देत मारत होतो. बायको मध्ये आली तेव्हा एक फटका तिच्या दंडावर बसला. तिने दंड धरला नाही, चाबूक धरला.

"ती मुकं जनावर शे," ती म्हणाली. "तुम्ही त माणूस शेतस ना?"

मी तिथेच खाली बसलो. घोडीच्या पाठीवर चामडी उलून आली होती.

आठ दिवस हळद आणि खोबरेल लावलं. पहिले चार दिवस बायकोच लावायची, मी दिसलो की घोडी थरथरायची. सातव्या दिवशी तिने माझ्या हातून गुळाचा खडा घेतला. मी तिच्या मानेला डोकं टेकून पोरासारखा रडलो आणि मारुतीची शपथ घेतली, पुन्हा नाही.

दुसऱ्याच दिवशी ताई आल्या. वळ पुसट झाले होते, तरी त्यांनी बोट ठेवून विचारलं, "भाऊ, हे काय?"

"तारेत अडकली," मी म्हणालो. एवढं धडधडीत खोटं मी कधी बोललो नव्हतो. बायकोने पदर दंडावर ओढून घेतला आणि जमिनीकडे बघत राहिली. ताईंना पटलंही असतं. तेवढ्यात घोडीच्या पाठीवर एक मोठी गोमाशी बसली आणि ती हाकलायला मी हात वर केला.

घोडी नाचायला लागली. बँड नाही, माणसं नाहीत, भर दुपारी रिकाम्या अंगणात ती एक पाय उचलायची, ठेवायची, दुसरा उचलायची. डोळे मिटलेले. मार चुकवायचा तिला एवढा एकच मार्ग ठाऊक होता.

"मी मारलं," मी म्हणालो. "तार नव्हती, मीच मारलं."

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शिरपूरकडे एक मास्तरीण बाई आहेत. त्यांनी घोडी मागितली होती. त्यांच्याकडे देईन." दसरा अजून महिन्यावर होता.

सकाळी टेम्पो आला. फळी लावली, पण घोडी काही चढेना. दोघांनी पुढून ओढली, दोघांनी मागून रेटली. ड्रायव्हरने निंबाचा फोक मोडला आणि उगारला. तिने पुढचा पाय उचलला तसा मी ओरडलो, "टाक तो फोक, नाहीतर तुझा हात मोडीन!" जित्याची खोड, दुसरं काय. ताई माझ्याकडे बघत होत्या.

मग मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. घरातून गूळ आणला, फळीवरून टेम्पोत चढलो, तळहात उघडला आणि म्हटलं, चल बाई. ती माझ्या मागोमाग वर आली, पहिल्याच हाकेला. गूळ खाऊन तळहात चाटत राहिली. त्यांनी तिला बांधलं, आणि मी एकटा खाली उतरलो.