पाचव्या वर्गाची म्युनिसिपालिटी

आमच्या चिलर रूममध्ये, पंपांच्या पॅनलशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद भिंतीला चिकटवलेला आहे. कुवेत शहरात, शर्क भागातल्या एका ऑफिसच्या इमारतीला गार हवा पुरवणारी यंत्रं तळघरात आहेत आणि मी तिथला सुपरवायझर आहे. कागद माझा नाही. माझ्या हाताखाली तेरा वर्षं काम केलेल्या फिलिपिनो ऑपरेटरचा आहे. त्याच्या मुलीला गावच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा तिने टाइप केलेला पहिला मजकूर म्हणजे हा कागद. आमच्या म्युनिसिपालिटीची थोडक्यात माहिती. बेट कोणतं, उत्तरेला काय, दक्षिणेला काय, पिकतं काय, मासे कोणते मिळतात, गावचा सण कधी असतो. बापाने प्रिंट काढून लावली. आम्ही दोघं दिवसाला बारा तास त्या कागदासमोर बसायचो.

त्यात एक ओळ होती. वर्ग, पाचवा. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा म्हटलं, "कबायन, तुझं गाव पाचवीत नापास झालं काय?"

कबायन म्हणजे त्यांच्या भाषेत गाववाला. कुवेतमध्ये सगळेच फिलिपिनो माणसाला तशी हाक मारतात. तो मला कुया म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. आमचं बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी, मधेच एखादा अरबी शब्द, असं चालायचं.

"कुया, सहा वर्ग असतात," तो म्हणाला. "सहावा सगळ्यात गरीब. आम्ही शेवटून दुसरे." आणि हे त्याने छाती काढून सांगितलं.

त्याची म्युनिसिपालिटी म्हणजे आपली नगरपालिका नव्हे, हे मला कळायला बरेच दिवस लागले. आपल्याकडे नगरपालिका म्हटली की चिपळूण, खेड असं काही डोळ्यापुढे येतं. एसटी स्टँड, बाजारपेठ, नळाचं पाणी, सरकारी दवाखाना. इथे तिला बलदिया म्हणतात, आणि बलदिया म्हणजे कचऱ्याची गाडी आणि हॉटेलं तपासणारे साहेब. त्याच्याकडे मात्र तो एखाद्या लहान तालुक्यासारखा पसारा. मधे एक छोटं गाव, त्यात कचेरी, चर्च, शाळा, धक्का आणि बास्केटबॉलचं मैदान, ज्याच्यावर खेळापेक्षा खोबरंच जास्त वाळत पडलेलं. आणि भोवती डोंगर नि किनारा धरून दूरदूर पसरलेल्या वाड्या. कागदावर त्यांची यादी होती. त्याची वाडी शेवटची.

"समुद्र पण आमच्या म्युनिसिपालिटीत येतो," तो सांगायचा. "किनाऱ्यापासून बराच लांबपर्यंत."

"मग लाटांवर घरपट्टी लाव की," आमच्या बसचा ड्रायव्हर म्हणायचा. हा श्रीवर्धनकडचा मुसलमान माणूस, वयाने आमच्याहून मोठा. आम्ही त्याला मामू म्हणतो. मंगफमधल्या कंपनीच्या फ्लॅटमधून शर्कला नेणारी बस तोच चालवतो. त्याने कबायनचं नावच म्युन्सिपालटी ठेवलं होतं. "काय वो, आज आपली म्युन्सिपालटी गप का? पाणी गेलं का काय?"

कबायन हसायचा. त्याला कोणी गावाबद्दल विचारलं की पुरे असायचं. शुक्रवारी आम्ही अबू हलीफाच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचो आणि तो त्या सपाट, कोमट पाण्याकडे बघून म्हणायचा, "हा समुद्र नाही, कुया. हे साचलेलं पाणी." मी खाडीकाठचा. मलाही तसंच वाटायचं. दोघांना एकाच गोष्टीची, हसू येईल इतकी ओढ होती.

एकदा त्याने मशीनची रीडिंग लिहायच्या लॉगशीटच्या मागच्या बाजूला मला नकाशा काढून दिला. धक्का इथे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, नर्स असते, डॉक्टर आला तर येतो. इथे रस्ता संपतो. पुढे डोंगराचं टोक समुद्रात उतरलेलं. त्याच्या पलीकडे त्याची वाडी. तिथे फक्त होडीने जायचं. शिमग्याच्या सुमाराला जे ईशान्येचं वारं असतं, त्यात होड्या बंद. कधी दोन दिवस, कधी आठवडा. त्याने होडी काढली, तिच्यावर फुली मारली आणि हसला. तो कागद मी घडी करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

आता जे सांगायचं ते सांगतो. आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

आमच्या चिलर रूममध्ये दोनच जाणती माणसं, मी आणि तो. एकाने सुट्टीवर जायचं तर दुसऱ्याने थांबायचं. मे ते सप्टेंबर कोणालाच सुट्टी नाही. त्यामुळे उन्हाळ्याआधीची सुट्टी ही एकच खिडकी. त्या वर्षी शिमग्याला गावच्या पालखीच्या वस्तीचा मान आमच्या घराकडे होता. पालखी घरोघर फिरते, पण रात्रीची वस्ती एकाच घरी, आणि घराची पाळी फिरून यायला वर्षं जातात. बायको फोनवर म्हणाली, "सगळी वाडी विचारत्येय, तुमी येताव ना? घर रंगवून घेतलंय मी." मी हो म्हटलं. बारा वर्षांत शिमग्याला घरी नव्हतो. तिकीट काढलं होतं.

माझ्या निघण्याला पाच दिवस असताना कबायन माझ्या टेबलापाशी आला. वडील आजारी. छातीत पाणी. त्याला लगेच जायचं होतं. सुट्टीचा फॉर्म त्याने भरूनच आणला होता.

"कुठे आहेत वडील?" मी विचारलं.

"आमच्या म्युनिसिपालिटीतच."

त्याने आणखी काही सांगितलं असतं, पण मी मान हलवून फॉर्म ठेवून घेतला. दुपारी मॅनेजरचा फोन आला. इजिप्शियन माणूस, वाईट नव्हता. दोन अर्ज बघून म्हणाला, "तू सांग, कोणाची जास्त गरज आहे? तू सांगशील तसं करू." म्हणजे निर्णय माझ्यावर टाकला. आणि मी त्याच्या फॉर्मच्या खाली, शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं. पेशंट म्युनिसिपालिटीत आहे, तिथे दवाखान्याची सोय आहे, पंधरा दिवसांनी गेला तरी चालेल.

बलदियाच्या देशात राहणाऱ्या मॅनेजरला म्युनिसिपालिटी म्हणजे शहर वाटलं. वाटणारच. मला ते वाटावं असंच हवं होतं.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझी चूक शब्दाची झाली. मी मराठी माणूस, म्युनिसिपालिटी म्हटलं की नगरपालिका समजलो, त्यात माझं काय. मामूलाही हेच सांगितलं, आणि तो म्हणाला, "होतं असं, आपल्याला काय माहीत त्यांचं." पण लॉगशीटचा नकाशा माझ्या खणात होता. फुली मारलेली होडी मी बघितली होती. आणि ज्या माणसाने लहानपणी खाडीवरची तरीची होडी बंद पडल्यावर पलीकडे अडकलेल्या बाळंतिणीच्या हाका ऐकल्यात, त्याला होड्या बंद म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायची गरज नसते. मी शब्दाआड लपलो. शब्द मोठा होता, मी मावलो.

पालखी आली. बायकोने ओटी भरली, मी नारळ दिला, पोरांनी अंगणात पालखी नाचवली. माझ्याऐवजी धाकटा भाऊ असता तरी काही अडलं नसतं. हे मला तिथे उभा असतानाच कळलं होतं.

मी परत आलो त्या दिवशीच तो निघाला. मनिलाहून दुसरं विमान, मग बसचा प्रवास, मग मोठी बोट, आणि मग धक्क्यावर दोन दिवस. वारं होतं. त्या दोन दिवसांत वडील गेले. होडी सुटली तेव्हा घरी माणसं जमलेली होती. त्यांच्याकडे लांबून येणाऱ्या मुलासाठी प्रेत बरेच दिवस ठेवतात. तो आल्यावर मला म्हणाला, "थांबले होते ते माझ्यासाठी, कुया. फक्त बोलणं नाही झालं." मग पिशवीतून सुकवलेल्या मासळीची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुम्ही फॉर्मवर सही केलीत म्हणून जाता आलं. नाहीतर मॅनेजरने अडवलं असतं."

ती मासळी मी खाल्ली. चांगली होती.

त्यानंतर वर्षं गेली. वर्षं जातात म्हणजे काय होतं, तर फिल्टर बदलले जातात, पंप बदलले जातात, उन्हाळा येतो आणि इमारतीतले लोक फोन करतात की गरम होतंय. माझे गुडघे गेले. त्याची दृष्टी कमी झाली. गेज वाचताना तो चष्मा वर करून नाक काचेला लावायचा. दर वर्षी फाल्गुनात मी ठरवायचो की आता सांगायचं, आणि दर वर्षी उन्हाळा यायचा, म्हणजे सुट्टी नाही, म्हणजे भांडून चालणार नाही. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

गेल्या महिन्यात त्याने नोकरी सोडायचं पत्र दिलं. कायमचा जाणार. मुलीला आता कचेरीत बढती मिळाली आहे, आणि वाडीपर्यंत रस्ता काढायचं चाललं आहे म्हणतात. डोंगर फोडून. तो म्हणाला, "रस्ता झाला की आम्ही चौथ्या वर्गात."

शेवटच्या दिवशी दुपारी तो क्लिअरन्सचा फॉर्म घेऊन आला आणि समोर बसला. हत्यारं जमा केली, चाव्या जमा केल्या, खाली सुपरवायझरची सही. मी पेन हातात घेतलं आणि सांगितलं. सगळं. शेरा काय लिहिला होता ते शब्दाला शब्द. नकाशा खणात होता हेही. माझी मान खाली होती, त्यामुळे त्याचा चेहरा मी बघितला नाही. पंपांचा आवाज चालू होता आणि त्याबद्दल मला बरं वाटलं.

त्याने विचारलं, "तुमचा देव आला होता का घरी?"

"आला होता."

"किती वेळ?"

"एक रात्र."

तो उठून मशीनपाशी गेला. रीडिंगची वेळ झाली होती. त्याने चष्मा वर केला, गेज वाचलं, शीटवर आकडा लिहिला. परत आल्यावर खुर्चीत बसला नाही.

"तेव्हा सांगितलं असतं तर मी भांडलो असतो," तो म्हणाला. "मग कदाचित बरंही झालं असतं. आता भांडायला वेळ नाही. परवा माझं विमान आहे."

"मला माफ..."

"सही करा."

मी केली. त्याने फॉर्म बघितला, तारीख राहिली होती ती दाखवली. मी तारीख घातली.

"विमानतळावर मी येतो, मामूला सांगितलंय," मी म्हटलं.

"नको. माझी माणसं येणार आहेत." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. मला वाटलं भिंतीवरचा कागद काढून नेईल. त्याने कागदाकडे बघितलंही नाही. "वडिलांनी दोनदा विचारलं होतं," तो म्हणाला, "की सुट्टी का मिळत नाही. माझ्या बायकोने सांगितलं, तिकडे माणसं कमी आहेत. ते म्हणाले, मग त्याचा काय दोष." आणि जिन्याने वर गेला.

त्याच्या विमानाच्या दिवशी मी कामावरच होतो. त्याच्या जागी आलेला मद्रासी ऑपरेटर नवा आहे, त्याला एकट्याला सोडता येत नाही. दुपारी मामूचा फोन आला. म्हणाला, "गेला तो. मला भेटून गेला. तुमचं काय बिनसलं वो?"

मी त्यालाही सांगितलं. या वेळी नगरपालिका, शब्द, असलं काही मधे न घालता. मामू एवढंच म्हणाला, संध्याकाळी बस पाच मिनिटं उशिरा येईल.