सुबारूच्या डिकीतला खण

सामाजी वाकरूळकरांच्या घरात सरकून बाहेर न येणारी वस्तू शोधावी लागे. इस्राएलच्या किर्यात गातमधल्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी बिऱ्हाडात इस्त्रीचा फळा कपाटाच्या कुशीतून निघे, चपलांचा खण दाराजवळच्या बाकाखालून निघे, आणि जेवणाचं टेबल एरवी निम्मं भिंतीत असे, पाहुणे आले की हातभर पुढे येई. त्यांची बायको येमिमा आल्यागेल्याला सांगे, "जपून बसा हं. ह्यांनी खुर्चीखाली काय बसवलंय ते मलाही ठाऊक नाही."

ह्या विद्येचं मूळ मुंबईत होतं. पेणजवळचं गाव सोडून सामाजी तरुणपणी माझगावच्या गोदीत लागले आणि बावीस वर्षं त्यांनी जहाजांच्या केबिनींचं सुतारकाम केलं. जहाज डोललं की साधे खण आपोआप उघडतात आणि कप्तानाचे मोजे जमिनीवर येतात. म्हणून जहाजाच्या खणाला खालून एक खाच असते. खण आधी अर्धा इंच उचलायचा आणि मग ओढायचा. ज्याला हे माहीत नाही, तो दिवसभर झोंबला तरी खण त्याला दाद देत नाही. सामाजींना ह्या युक्तीचा इतका अभिमान होता की ऐकणाऱ्याला वाटावं, नोहाचं तारू बांधलं तेव्हा वाकरूळकरांपैकीच कोणी तरी हाताशी असणार.

१९६४ साली, इतर अनेक मराठी ज्यूंसारखेच, ते बायको-मुलीला घेऊन इस्राएलला आले आणि किर्यात गातच्या एका कापड कारखान्यात दुरुस्ती खात्यात चिकटले. सतरा वर्षं चिकटूनच राहिले. आता १९८१ चा जून चालू होता आणि सप्टेंबरात, रोश हशाना ह्या ज्यू नववर्षाच्या सणाला, त्यांची नोकरी संपणार होती.

निवृत्तीचं त्यांना भय नव्हतं. भय होतं ते नाथानचं. नाथान त्यांचा जुना दोस्त. वर्षापूर्वी निवृत्त झाला आणि तेव्हापासून रोज सकाळी बस स्टँडवरच्या बाकावर बसून तेल अविवची बस किती मिनिटं उशिरा आली ते लोकांना सांगू लागला. ड्रायव्हरसुद्धा त्याची नजर चुकवीत. सामाजी त्याला मनसोक्त हसले होते. पण एका शुक्रवारी ते अर्धा तास नाथानशेजारी बसले, बस आली, आणि त्यांच्याच तोंडून निघालं, "चार मिनिटं लेट." नाथान कौतुकानं म्हणाला, "पाच. तुझं घड्याळ मागं आहे." सामाजी ताडकन उठले आणि घरी येऊन येमिमेला म्हणाले, "मला काम शोधलं पाहिजे. बाकावर बसायचं नाही, बाकापाशी उभं राहायचं. सुताराच्या."

काम चालून आलं ते जावयाच्या गाडीतून. जावई अमिराम इथंच जन्मलेला. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिब्रूत यायचं. त्याच्याकडे पांढरी सुबारू होती आणि त्या सुबारूत गाणी अशी वाजत की गाडी दिसायच्या आधी ऐकू येई. मुलगी नाओमी म्हणे, "पप्पा, ह्यानं लग्न माझ्याशी केलंय, पण संसार स्पीकरशी चाललाय." तर त्या स्पीकरांना जोर देणारा अँप्लिफायर चोरांनी डिकी उचकटून नेला. अमिरामनं दुसरा आणला आणि तो लपवून बसवून द्या म्हणून सिम्हाच्या दुकानात गेला.

सिम्हा मोरोक्कोकडचा, बुटका, आवाजानं उंच. गाड्यांमध्ये रेडिओ बसवण्याचं त्याचं दुकान गावच्या औद्योगिक भागात होतं. तो म्हणाला, "लपवू कुठं? सीटखाली म्हण, मागच्या फळीखाली म्हण, चोरांना सगळ्या जागा माझ्याआधी पाठ असतात." अमिराम म्हणाला, "माझा सासरा लपवील." सिम्हा म्हणाला, "तुझा सासरा कपाटं करतो. गाडी म्हणजे कपाट नव्हे."

हे वाक्य अमिरामनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर सामाजी इस्त्रीचा शर्ट घालून सिम्हासमोर उभे. आपल्या मोडक्या हिब्रूत त्यांनी एकच मागणी केली, "खण मी करतो. चांगला झाला तर सप्टेंबरपासून मला तुझ्या दुकानात एक बाक दे."

सिम्हानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय किती?"

"चौसष्ट. पण हात चाळीसचे आहेत."

"आणि डोळे?"

"तुझ्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या शर्टाचं आहे."

सिम्हानं खाली पाहिलं. मग म्हणाला, "ठीक. गाडी घेऊन ये. मी दहा मिनिटं शोधीन, नुसत्या हातांनी. सापडला नाही तर बाक तुझा. सापडला तर पुन्हा मला बटणं दाखवायला यायचं नाही, हबीबी."

पुढचे तीन आठवडे येमिमेच्या स्वयंपाकघरात भाजीला जागा उरली नाही. टेबलावर पुठ्ठ्याची डिकी उभी राहिली. पुठ्ठ्याची स्टेपनी झाली. अँप्लिफायरच्या जागी येमिमेचा बिस्किटांचा डबा आला, कारण त्याचं माप जवळपास तेच होतं. "अहो, डबा कधी मोकळा होणार?" असं तिनं विचारलं की सामाजी म्हणत, "डिझाईन चालू आहे." ती म्हणे, "डिझाईन चालू दे, बिस्किटं मऊ पडली."

डिझाईन मात्र खरंच देखणं झालं. स्टेपनीच्या पुढे, बंपरच्या आतल्या अंगाला चार बोटं खोल पोकळी होती. तीत त्यांनी एक उथळ खण बसवला. त्याचे रूळ कारखान्यातल्या मोडक्या फायलींच्या कपाटाचे होते, आणि तेही सामाजींनी स्टोअरकीपरची लेखी परवानगी घेऊन आणले होते. खणाच्या दर्शनी फळीवर गाडीच्याच रंगाचा गालिचा चिकटवला. बघणाऱ्याला वाटावं, डिकीचा काठ आहे. आत हिरवी बनात, म्हणजे लवदार लोकरी कापड. आणि उघडायची रीत जहाजातली: अर्धा इंच उचला, मग ओढा. अँप्लिफायर वाजताना तापतो, म्हणून दोन्ही अंगांना श्वासापुरती फट ठेवली होती. तेवढी फट गालिच्याच्या घडीत दिसतही नव्हती.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी परीक्षा होती; सामाजींनी कारखान्यात रजा टाकली होती. येमिमेनं आदल्या शुक्रवारी, काम फत्ते व्हावं म्हणून, एलियाहू हनाबी ह्या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम. वर पाच फळं मांडली, प्रार्थना झाली. मग मोठं ताट भरून मलिदा अमिरामच्या आईकडे, बतशेवाबाईंकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचा होता. इथं सामाजींच्या डोक्यात कल्पना आली. अँप्लिफायर अजून बसवला नव्हता. खण रिकामा होता.

"ताट खणात ठेवू," ते म्हणाले. "रूळ किती सरळ चालतात ते कळेल. एक पोहा हलता कामा नये."

येमिमा म्हणाली, "एलियाहू हनाबीचा मलिदा आहे तो. तुमच्या रुळांची परीक्षा घ्यायला केलेला नाही."

"त्यांनाही रथाची हौस होतीच की. स्वर्गात गेले तेसुद्धा रथातूनच."

ह्यावरचं उत्तर येमिमेनं, प्रार्थना नुकतीच झालेली असल्यामुळे, गिळलं. ताट खणात गेलं. अमिराम हळू चालवत होता. रेल्वेच्या फाटकावर मात्र गाडीला दणका बसला. बतशेवाबाईंच्या दारात खण उघडला तेव्हा ताटाच्या काठाबाहेर मूठभर मलिदा पडलेला. "फाटकाचा दोष," सामाजी म्हणाले. दिसला तेवढा त्यांनी ब्रशनं झाडून काढला. बनातीच्या लवेत काय अडकलं ते दिसलं नाही. दुपारी अँप्लिफायर बसवला, खण सारला, आणि सूर्य मावळायच्या आत सुबारू घरासमोरच्या तुतीखाली उभी केली. शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी हलणार नव्हती. ती तिथं पुरा एक दिवस नि दोन रात्री उभी राहिली. तुतीखाली वस्ती करून असलेल्या मंडळींना एवढा वेळ पुष्कळ झाला.

रविवारी सकाळी सात वाजता सिम्हानं दुकानासमोर डिकी उघडली आणि मनगटावरचं घड्याळ अमिरामच्या हातात दिलं. आधी त्यानं स्टेपनी काढली. मग गालिचा उचलला. मागच्या सीटची पाठ पाडली, फळी ठोकून पाहिली, पोटावर निजून गाडीखाली पाहिलं. सामाजी हात मागं बांधून उभे होते. चेहरा असा, की आपण सहज बसची वाट पाहतोय. सिम्हाचा हात दोनदा खणावरून गेला आणि दोनदा पुढे गेला.

"सहा मिनिटं," अमिराम म्हणाला.

तेवढ्यात सामाजींना ती दिसली. तुतीखालून गाडीबरोबरच आलेली एक बारीक काळी रांग बंपरवरून वर चढत होती. डिकीच्या रबरावरून ती शिस्तीत डावीकडे वळत होती आणि नेमकी त्या फटीत शिरत होती. शेजारच्या रांगेतल्या मुंग्या पांढरा खोबऱ्याचा कण डोक्यावर घेऊन परत निघाल्या होत्या. मुंबईच्या गोदीतसुद्धा माल इतक्या शिस्तीत उतरत नसे.

सामाजी दोन पावलं पुढे आले आणि सहज टेकल्यासारखा डावा हात त्या रांगेवर ठेवला.

मुंग्यांनी क्षणभर विचार केला आणि वाट बदलली. ती बदललेली वाट सामाजींच्या बाहीतून जात होती.

"सात," अमिराम म्हणाला. "पप्पा, बरं आहे ना? तुमचा चेहरा..."

"ऊन आहे," सामाजी म्हणाले. पहिली मुंगी कोपरापाशी चावली. आठव्या मिनिटाला खांद्याशी. नवव्या मिनिटाला त्यांनी मनातल्या मनात एलियाहू हनाबीची माफी मागितली.

"दहा!"

सिम्हानं स्टेपनीला एक लाथ घातली. "बस. हरलो. कुठं आहे?"

अमिरामनं आरोळी ठोकली आणि सासऱ्याला मिठी मारायला धावला. सामाजींनी त्याला उजव्या हातानं थोपवलं. बाक मिळाला होता. आता फक्त हात झटकायचा, खण उघडून दाखवायचा आणि घरी जायचं. ते काही क्षण तसेच उभे राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला.

"तू अजून हरला नाहीस," ते सिम्हाला म्हणाले. "इथं बघ."

सिम्हा वाकला. त्यानं बोटानं रांग धरली आणि फटीपर्यंत गेला. फळी ओढली, ढकलली, नखं लावली. हलेना. सामाजींनी ती अर्धा इंच उचलली आणि ओढली. खण आवाज न करता हातभर बाहेर आला. अँप्लिफायर आला आणि त्याच्याखाली तुतीखालची निम्मी वस्ती आली.

सिम्हानं खण आत सारला आणि स्वतः उचलून पुन्हा ओढून पाहिला. मग त्यानं सामाजींच्या बाहीकडे पाहिलं. "म्हणजे दहा मिनिटं तू हात ठेवून..."

"चारच. पहिली सहा मी प्रामाणिक होतो."

"मग सांगितलंस कशाला? मी हरलो होतो!"

"उद्या तुझं गिऱ्हाईक मुंग्या घेऊन येईल," सामाजी म्हणाले. "मला हात दोनच आहेत. मी किती गाड्यांवर ठेवू?"

सिम्हा हसला नाही. त्यानं फटीत बोट घातलं. "ही बुजव."

"बुजवली तर तुझा अँप्लिफायर भाजून निघेल."

"मग आतून जाळी लाव. पितळेची."

"पितळेची कशाला? ॲल्युमिनियमची. हलकी."

"ॲल्युमिनियम थरथरतं! गाणं वाजलं की तेही वाजेल."

"चारी बाजूंनी नीट चौकट केली तर कसं वाजेल? तुम्हा लोकांना चौकट करायला येत नाही."

दोघांची डोकी डिकीत गेली. अमिराम घड्याळाकडे आणि कामावर जायच्या रस्त्याकडे आळीपाळीनं पाहत उभा राहिला. गाडी त्याची होती, पण ती मागायची हिंमत होईना. वीस मिनिटांनी एक गिऱ्हाईक आलं आणि डिकीतून निघालेल्या चार पायांकडे बघत म्हणालं, "सिम्हा, हा दुसरा कोण?"

"माझा सुतार," सिम्हा आतूनच ओरडला.

"सप्टेंबरपासून," दुसरे पाय म्हणाले.

दुपारी घरी येमिमेनं सगळं ऐकलं, मुंग्या चावलेल्या दंडाला हळद लावली आणि म्हणाली, "पेणला आई दुधाच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची. अमिरामला सांगा, चाकांखाली चार वाट्या ठेव."

सामाजी गंभीरपणे विचार करू लागले. "वाटी पुरणार नाही," ते म्हणाले. "टायरला निदान परात लागेल."

"माझ्या परातीला हात लावायचा नाही," येमिमा म्हणाली. "आणि तो दंड इकडे करा, अजून दोन जागा राहिल्यात."