रिम्माच्या कोळशाची परीक्षा

चौथ्या मजल्यावरच्या रिम्माने टपरीवरची स्वस्त वोडका कोळशातून गाळायला सुरुवात केली, आणि पहिल्या मजल्यावरच्या ग्लाफिराचा जळफळाट सुरू झाला.

वोडका काही नवी नव्हती. त्या वर्षांत रेल्वे डेपोचा पगार वेळेवर होत नव्हता, दुकानातली चांगली बाटली परवडत नव्हती, म्हणून सगळी वस्ती स्टेशनसमोरच्या टपरीवरची आणायची. बूच काढलं की रंगाचा डबा उघडल्यासारखा वास. ग्लाफिराचा नवरा तिखोन ती नाक दाबून घशाखाली ढकलायचा, वर खारवलेली काकडी चावायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ग्लाफिराची त्याला काही हरकत नव्हती. माणूस घरात पितो, घरात झोपतो, अजून काय पाहिजे. पण हल्ली तो शनिवारी संध्याकाळी दाढी करायला लागला होता. दाढी करून वर जायचा. चौथ्या मजल्यावर.

ग्लाफिरा कोणाला घाबरणारी बाई नव्हती. सतराव्या वर्षी खेड्यातून उरलमधल्या या रेल्वेच्या गावात आली ती रुळांखालचे डांबर फासलेले लाकडी स्लीपर खांद्यावर वाहायला. पुरुष दोन टोकांना दोघं धरायचे, तिथे ती दुसरी बाई जोडीला घेऊन तेवढेच उचलायची आणि मुकादमाला वर शिव्या घालायची. पुढे डेपोच्या कोठारावर नेमली गेली. कमरेला चाव्यांचा जुडगा आला, आणि तिच्या सहीशिवाय खिळा बाहेर जाईना. राहतं घर मिळवलं तेही तिनेच. गृहसमितीच्या दारात तिने असं ठाण मांडलं की अध्यक्ष मागच्या दाराने पळायला लागला, तेव्हा ती मागच्या दारात जाऊन बसली. तिखोन शेजारी तिचा कोट धरून उभा होता.

घरात भिंतीचा कागद कुठला लावायचा, पडदे कुठले, सुट्टीत जायचं कुठे, मांजराचं नाव काय, सगळं ग्लाफिराने ठरवलं. तिखोनची तक्रार नव्हती. निदान तशी ती कोणी ऐकली नव्हती. तो डेपोत गाड्यांची चाकं तपासायचा. लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. चांगलं चाक गातं, तडकलेलं खोकतं. दिवसभर लोखंडाचं ऐकायचं, संध्याकाळी बायकोचं. असा तो माणूस.

जिन्याच्या तोंडाशी बाकावर नोन्ना बसलेली असायची. सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं आणि बातम्या एकाच तोंडातून टाकत.

"तुझा तिखोन कोलोन लावून वर गेला गं."

"दाढीनंतर लावतो."

"असं होय. आधी दाढी येतच नव्हती वाटतं त्याला."

"वोडकेसाठी जातो तो, नोन्ना. रिम्मा गाळते ती मऊ लागते म्हणे. सकाळी डोकं धरत नाही."

"माझाही जायचा असाच. शेजारणीचा नळ दुरुस्त करायला." नोन्नाने टरफल थुंकलं. "नळ अजून गळतोय. नवरा तिकडेच राहिलाय."

ग्लाफिरा घरात गेली आणि तिने कोबी चिरायला घेतला. सुरी चालत होती आणि डोकंही. रिम्मा स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसायची. नवऱ्यापासून केव्हाच सुटलेली, केस सोनेरी रंगवलेले, आणि खिडकीतून तिकीट देतानासुद्धा हसायची. तिकीट देताना हसायचं काय आहे त्यात? तिच्याकडे आणखीही दोन-चार पुरुष जमत होते, पण ते दाढी करून जात नव्हते.

मग कोबी अर्धा राहिला आणि ग्लाफिराला तिचा मार्ग दिसला. कोळशातून गाळून टपरीवरची वोडका खरंच सुधारत असेल, तर तिखोन वोडकेमागे जातो. वोडकेमागे गेलेला पुरुष माफ आहे. तसे सगळेच जातात. पण कोळशाने काडीचाही फरक पडत नसेल, तर तो रिम्मामागे जातो. म्हणजे आता परीक्षा घ्यायची ती तिखोनची नाही, कोळशाची. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ग्लाफिरा मनापासून इच्छा करू लागली की रिम्माचं काहीतरी खरं निघो.

कोळसा रिम्माकडून मागणं तिला जमणारं नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या पोटदुखीच्या काळ्या, कोळशाच्या गोळ्या कुटून पाहिल्या, तर वोडकेचा चिखल झाला. मग तिला कोठार आठवलं. मागच्या खणात युद्धाच्या भीतीने साठवलेले गॅस मास्क वर्षानुवर्षं पडून होते. मास्कच्या डब्यातला जो कोळसा विषारी वायू अडवतो, त्याला टपरीवरची बाटली काय जड आहे? असा विचार त्या गावात तिच्या आधीही अनेकांनी केला होता. तिने एका मास्कचा डबा हातोडीने फोडला आणि काळे दाणे कागदात ओतले. तेवढ्यात म्हातारा मेकॅनिक येफिम पाने मागायला आला.

"हे कशाला, ग्लाफिरा?"

"वोडका गाळायला."

येफिमने पुडी तिच्या हातातून काढून घेतली. "अगं, या कोळशाला क्रोम चोळलेलं असतं, आणखी काय काय असतं. हवेसाठी आहे तो. यातून गाळलेलं प्यायलं तर माणसाच्या आतड्याची चाळण होईल. नवऱ्याला मारायचंय का तुला?"

"अजून ठरवलं नाही," ग्लाफिरा म्हणाली, पण पुडी तिने परत मागितली नाही.

शेवटी ती चौथ्या मजल्यावर गेलीच. प्रत्येक मजल्यावर थांबली, दमली म्हणून नाही. रिम्माने दार उघडलं, चेहरा उजळला, जणू वाटच पाहत होती. हेच ग्लाफिराला सहन होत नसे.

"ये ना. चहा ठेवते."

"चहा नको. गाळतेस कशी ते दाखव."

रिम्माने लपवलं काहीच नाही. सिंकवर नरसाळं टांगलेलं, तळाशी कापूस, कापसावर भूर्जाच्या लाकडाचा धुतलेला कोळसा, वर पुन्हा कापूस. थेंब थेंब बरणीत पडत होता. ग्लाफिराचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. खिडकीपाशी एक स्टूल होतं, त्यावर उशी. उशी कोणासाठी, हे तिने विचारलं नाही. तिखोनची कंबर धरते हे वस्तीत दोघींनाच माहीत असणार. आणि फळीवर बाकी सगळे ग्लास एका जातीचे, एक मात्र वेगळा. जाड, पैलू पाडलेला, जुना.

"तो कोणाचा?"

"तिखोन सावेलिचचा. त्यांना पातळ काच आवडत नाही. म्हणतात, पातळ काचेत चव घाईने निघून जाते."

ग्लाफिराला दोन गोष्टी एकदम टोचल्या. एक म्हणजे घरात ज्याला ती तीश्का म्हणून हाक मारत होती, तो इथे बापाच्या नावासकट, मानाने, तिखोन सावेलिच होता. आणि दुसरी म्हणजे तीश्काला काचेबद्दल मत होतं.

"अजून काय म्हणतात?"

"खूप काही. पहिली धार टाकून द्या, ते त्यांनीच सांगितलं. कोळसा दोनदा धुवा, तेही. आमच्याकडे ते बरं म्हणाल्याशिवाय बाटली टेबलावर येत नाही." रिम्मा हसली. "नरसाळं हवंय का? दुसरं आहे माझ्याकडे."

ग्लाफिराने नरसाळं घेतलं, कोळसा घेतला, आणि आभार न मानता खाली उतरली. उतरताना तिच्या डोक्यात उशी होती. बावीस वर्षं संसार केला, कंबर धरते म्हणून त्याला मलम चोळलं, लोकरीचा पट्टा विणला, डॉक्टरशी भांडून रजा मिळवून दिली. उशी सुचली नाही. त्या सोनेरी केसांच्या बाईला सुचली.

शुक्रवारभर तिने गाळलं. शनिवारी तिखोन आरशासमोर साबण लावून उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "दाढी कर हवं तर, पण आज इथेच बस. काम आहे."

"कसलं काम?"

"बस म्हटलं ना."

तो बसला. अर्ध्या गालाला साबण तसाच. तिने टेबलावर काळा पाव, खारवलेली काकडी, आंबवलेला कोबी ठेवला, आणि समोर दोन ग्लास. एकाच्या तळाला तिने बाहेरून नखरंगाचा ठिपका लावला होता, त्यात गाळलेली. दुसऱ्यात थेट टपरीची. बाटली एकच.

"यातली चांगली कुठली ते सांग."

तिखोनने तिच्याकडे पाहिलं, मग ग्लासांकडे. "मी सांगू?"

"मग काय मांजराला विचारू?"

त्याने गालावरचा साबण बाहीने पुसला. एका ग्लासवर नखाने टिचकी मारली, कान लावला, दुसऱ्यावर मारली. ग्लाफिराला हसू आलं नाही. त्याने एकातला घोट घेतला, पाव हुंगला, दुसऱ्यातला घेतला. खिडकीबाहेर पाहत बसला.

"ही," तो म्हणाला. "ही मऊ आहे."

ग्लाफिराने ग्लास उचलून वर धरला. ठिपका नव्हता. टपरीची.

तिने तोंड वाकडं होऊ दिलं नाही. त्याच्याकडे पाठ करून पुन्हा भरले, जागा बदलल्या. आता त्याने ठिपक्याची निवडली. पुन्हा भरले. पुन्हा टपरीची. शेवटी तिने दोन्हीत टपरीचीच ओतली आणि ग्लास त्याच्यापुढे सरकवले.

तिखोन बराच वेळ घोळवत बसला. "या दोन्हींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे," तो म्हणाला.

झालं. कोळसा खोटा होता. गाळलेली असो की नसो, या माणसाला कळत नव्हतं. आणि ज्याला कळत नव्हतं तो तीन जिने चढून दर शनिवारी वोडकेसाठी जात नव्हता. उशी, जाड ग्लास, कोलोन, नोन्नाचा गळका नळ, सगळं ग्लाफिराच्या डोळ्यांसमोर एकदम आलं. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. "तर मग तीश्का, जातोस कशाला..."

"थांब," तिखोन म्हणाला.

बावीस वर्षांत त्याने तिला थांब म्हटलं नव्हतं. ती थांबली.

"घाई करू नकोस. डाव्या ग्लासात मागून काहीतरी येतंय. पाव दे जरा. तू विचारलंयस ना, मग नीट सांगू दे." तो पुढे झुकला होता, कान लाल झालेले, कपाळाला आठी, पण ती आठी दुखण्याची नव्हती. फार वर्षांपूर्वी रुळांच्या कडेला हातोडा खांद्यावर टाकून एक पोरगा चालला होता आणि स्लीपर वाहणाऱ्या पोरीला म्हणाला होता, हे चाक ऐक, हे गातंय. त्याचं तोंड तेव्हा असं होतं. त्यानंतर हे तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. रिम्माने ते दर शनिवारी पाहिलं होतं.

ग्लाफिरा खाली बसली. ते बरं म्हणाल्याशिवाय बाटली टेबलावर येत नाही. रिम्मा म्हणाली होती ते असं होतं तर. कोळसा नाही, सोनेरी केस नाहीत, बहुतेक मिठीही नाही. त्या बाईने हिच्या नवऱ्याला एक प्रश्न विचारला होता, आणि तेवढ्यावर तो तीन जिने चढत होता. मिठी असती तर ग्लाफिराने जिन्यात केस धरून ओढले असते, सारी वस्ती तिच्या बाजूने उभी राहिली असती. प्रश्नाचं काय करायचं? हेवा कमी झाला नाही. उलट आता तो नीट बसला, त्याला जागा सापडली.

"बरं," ती म्हणाली. दात एकमेकांवर होते. "आणि हा कोबी? तो कसा झालाय?"

तिखोनने कोबी चावला. खूप वेळ चावला.

"विचारतेस म्हणून सांगतो. यात जिरं फार घालतेस. पहिल्यापासूनच."

ग्लाफिराच्या आईची ती रीत होती. गावात ज्याने त्याने वाखाणलेला कोबी. तिच्या हाताखाली टेबलाची कड कुरकुरली.

"अजून?"

"पडदे," तिखोन म्हणाला. आता तो थांबणार नव्हता. "पडदे मला आवडत नाहीत."

पुढच्या आठवड्यात जिन्यात रिम्मा भेटली. "तिखोन सावेलिच आजारी आहेत का? स्टूल रिकामं होतं."

"तब्येत ठणठणीत आहे. घरी काम असतं त्यांना." ग्लाफिरा जिना अडवून उभी राहिली.

"आणि गाळून बघितलीस का? फरक पडला?"

"काही पडत नाही फरक तुझ्या कोळशाने."

"मलाही कधी कळला नाही," रिम्मा म्हणाली, आणि तसंच, तिकीट देताना हसायची तसं हसली. नरसाळं तिने मागितलं नाही. ग्लाफिराने ते दिलं नाही.

शनिवारी ग्लाफिराने स्टुलावर उशी ठेवली. तिने स्वतः शिवलेली, रिम्माच्या उशीपेक्षा मोठी. डेपोतल्या उपाहारगृहातून एक जाड पैलूदार ग्लास पदरात पाडून आणला होता, तो मांडला. गाळायचे कष्ट घेतले नाहीत. टपरीची बाटली सरळ ओतली आणि विचारलं.

तिखोनने टिचकी मारली, घोट घेतला, डोळे मिटले.

"चांगली आहे. पण रिम्माकडची थोडी अजून मऊ असायची."

बाटलीच्या मानेवरची ग्लाफिराची बोटं पांढरी झाली. बाहेर मालगाडी गेली, काचा वाजल्या, मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं. तिने बाटली खाली ठेवली, त्याच्याकडे काळा पाव सरकवला.

"किती मऊ, तिखोन सावेलिच?" तिने विचारलं.

तिखोन विचारात पडला.