आयसीयूबाहेर राखलेली जागा

मी फिजिक्स शिकवते. लखनौच्या एका इंटर कॉलेजात. घरात कुणी दृष्ट काढायला बसलं की मी उठून बाहेर जायचे, इतका मला या गोष्टींचा राग. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

१९९६ चा हिवाळा. बाबा एअरफोर्समधून रिटायर होऊन तेलीबागेत घर बांधून राहिले होते. आम्ही मूळचे फलटणचे. त्यांची बायपास शहरातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात झाली. नाव देत नाही, कारण चूक कुणाचीच नव्हती. भाऊ आसामला पोस्टिंगवर, आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नसत, म्हणून तिथे राहणारी मी एकटीच.

आयसीयूबाहेर नातेवाइकांसाठी एक लांबलचक हॉल होता. प्रत्येकाची चटई, रजई, थर्मास. पेशंट वॉर्डात हलवला की आपलं सामान उचलायचं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळायची.

माझ्या शेजारी हरदोईच्या एक अम्मा होत्या. त्यांचे यजमान महिनाभर आत होते, त्यामुळे हॉलमध्ये सगळे त्यांना ओळखायचे. कुणी वॉर्डात जायला निघालं की त्या म्हणायच्या, "जाओ, खुशी से जाओ." पण सीतापूरचे एक मास्तर आयसीयूतून बाहेर आले, त्यांची बायको चटई गुंडाळायला लागली, तेव्हा अम्मा काहीच बोलल्या नाहीत. ती गेल्यावर त्यांनी आपलं गाठोडं सरकवून तिच्या जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर परत आयसीयूत. मग आलमबागच्या एका तरुण बाईच्या बाबतीत तसंच. तिसरी वेळही मी पाहिली. मी स्वतःला समजावलं — या इथे महिनाभर बसून आहेत, आतल्या नर्स काहीतरी बोलत असतील, यांच्या कानावर पडत असेल. बस.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, "पापाजी को वॉर्ड में शिफ्ट कर रहे हैं." मी आनंदानं रजईची घडी घालायला लागले. अम्मांकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"अम्मा, आम्ही निघालो," मी हिंदीत म्हटलं. "आशीर्वाद नाही देणार?"

"बिटिया," त्या हळूच म्हणाल्या, "जगह हम रखे रहेंगे."

मी तशीच डॉक्टरांना गाठायला धावले. अम्मांचं काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, अजून एक दिवस आत ठेवा ना. डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी फाइल माझ्यासमोर उघडली. "देखिए, कौन लौट सकता है, इसका अंदाज़ा हम भी लगाते हैं. उम्र, किडनी, शुगर, फेफड़े, सब देखकर. आपके फादर में ऐसा कुछ भी नहीं है." तरी माझा चेहरा बघून त्यांनी पुन्हा एक्सरे काढायला लावला, ईसीजी केला. सगळं नॉर्मल.

वॉर्डात बाबा खुशीत होते. खिडकीतून ऊन यायचं, ते उशीला टेकून बसायचे. मटकीची उसळ मागितली. मग बोलायला लागले... आधी कधी नाही ते इतकं बोलले. पहिलं पोस्टिंग, आईला बघायला गेले तो दिवस, आणखी बरंच. मी काय करत होते? मनगटावरच्या घड्याळाकडे बघून त्यांचे श्वास मोजत होते. मिनिटाला किती, कालपेक्षा जास्त की कमी. ओठांचा रंग बघत होते.

"सुमा, ऐकतेस ना गं?"

"हो बाबा, बोला ना."

मी ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं..." आणि पुढे काहीतरी बोलले. मी घड्याळाकडे बघत श्वास मोजत होते; वाक्य पुरं झालं तेव्हा मान वर केली, कारण त्यांना धाप लागली होती. मिनिटभरात ओठ निळे पडले. मी ओरडले. सिस्टर, डॉक्टर, ट्रॉली, आणि आयसीयूकडे जाणारा तोच कॉरिडॉर.

हॉलमध्ये आले तर माझ्या जागेवर अम्मांचं गाठोडं. त्यांनी ते उचललं आणि मला बसायला जागा करून दिली. मी त्यांच्यावर किंचाळले, "आपको कैसे पता था? बताइए!"

त्या रडायला लागल्या. "क़सम से, हम कुछ नहीं जानते, बिटिया. लोग सामान उठा लेते हैं, और हमें जगह ख़ाली नहीं दिखती. कोई बैठा दिखता है. हम क्या करें?"

"कौन बैठा था?"

"तुम ही बैठी थीं. ऐसे ही रोती हुई."

बाबांच्या तोंडात नळी होती, त्यानंतर ते बोलू शकले नाहीत. आयसीयूत परत नेल्यापासून पाचव्या दिवशी गेले. फुप्फुसात रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. ते मला समजतं. आधीच्या एक्सरेत का दिसली नाही, तेही समजतं. ती तेव्हा नव्हतीच. मग अम्मांनी काय पाहिलं? मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ लोकांशी बोलले. योगायोग म्हणावं तर मी स्वतः चार वेळा पाहिलंय. नाही म्हणावं तर दुसरं काय म्हणू, तेही सुचत नाही. आणि त्यांनी मला सांगितलं नसतं तर? बाबा गेलेच असते. फक्त ते दोन दिवस मला मिळाले असते.

आई पुढे सात वर्षं होती. बाबांच्या श्राद्धाला दर वेळी, पानं वाढून झाली की विचारायची, "शेवटी काय म्हणाले गं ते? तू होतीस ना जवळ?"

मी सांगायचे, "तुझं नाव घेतलं."

घेतलंही असेल. मला माहीत नाही.