फ्रिजवाल्या मामांचं पिल्लू

सख्खं भाचरू एकही नाही, पण अख्खी गल्ली त्यांना फ्रिजवाले मामाच म्हणायची. काहीही बंद पडलं की उचलायचं, दुरुस्तीच्या दुकानात आणायचं, उघडून बघायचं, ही चाळीस वर्षांची सवय. म्हणून जिन्याखाली बुलबुलाचं पिल्लू दिसलं तेव्हा मामांनी विचार केलाच नाही. थर्माकोलच्या खोक्यात घातलं आणि घरी नेलं. नको म्हणायला घरी होतं कोण? बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

पिल्लू चोच मिटून बसलं. दूध नको, पाव नको. "अरे बाबा, खा की! उपाशी मरशील अशानं," मामा रात्रभर विनवत होते. सकाळी त्याची मान लटपटायला लागली. खोकं घेऊन मामा खाली धावले.

जिना झाडणारी बाई खोक्यात बघून उखडलीच. "मामा, तुम्ही नेलंत होय? अहो, ते पडलं नव्हतं! पंख फुटले की पिल्लं अशीच खाली उतरतात. उडता येईपर्यंत आई तिथंच येऊन भरवते. काल संध्याकाळभर बिचारी चोचीत अळी घेऊन ओरडत होती."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. कारण हे त्यांनी आधीही केलं होतं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि आठव्या दिवशी फोनवर रडली. मामा लगेच जाऊन तिला सामानासकट घेऊन आले. महिन्याभरात ती पुन्हा गेली, ती चिठ्ठी ठेवून. तेव्हापासून बोलणं जेमतेम.

पिल्लू जिन्याजवळच्या कुंडीमागे ठेवून मामा तिथेच राखणीला उभे राहिले.

"तुम्ही असे खांबासारखे उभे राहिलात तर ती येईल कशाला? व्हा पलीकडे! मांजराकडे मी बघते," बाई म्हणाली.

मामा रस्ता ओलांडून गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग चोचीत अळी धरून आई आली, इकडेतिकडे बघत कुंडीमागे शिरली, आणि पिल्लाची बारीक चिवचिव ऐकू आली. मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला? त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, मी बरी आहे," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही येऊ नका हं."

"नाही गं येत," मामा म्हणाले. "मी लांबच उभा आहे."

"म्हणजे?" तिने विचारलं. मामांनी कालच्या पिल्लापासून सांगायला सुरुवात केली.