तिरप्याचं बिऱ्हाड

दुकानावर पाटी शिलाईची होती, पण तिथे शिवणाऱ्या बाईला गल्ली ससेताई म्हणूनच ओळखायची. पुढे मशीन आणि मापं घ्यायची जागा, मागच्या खोलीत जुन्या चादरी अंथरून केलेले सशांचे कप्पे.

हे सुरू झालं एका पट्ट्यामुळे. शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात मागचे पाय लुळे पडलेला एक ससा होता. त्याला उचलून धरायला डॉक्टरीणबाईंनी मऊ कापडाचा पट्टा शिवून मागितला. ताई पट्टा द्यायला गेली, तर ससा आणून सोडणाऱ्यांनी फोन उचलणंच बंद केलं होतं.

"थोडे दिवस ठेवतेस का गं?" बाईंनी विचारलं.

ताईने ठेवला. मग एक आंधळा आला, मग एक दातांचा रोगी. मुलांच्या हट्टापायी ससा घरात यायचा आणि दुखणं निघालं की खोक्यात बसून दवाखान्याच्या पायरीवर. ताई त्यांची साफसफाई करायची, औषध पाजायची आणि घरं शोधायची.

घर बघायला गेली की माणसांच्या गोड बोलण्याकडे तिचं फारसं लक्ष नसे. ती सरळ खाली बसून फरशी चाचपायची, कारण गुळगुळीत फरशीवर लुळे पाय घसरतात. वायरी कुठून गेल्यात ते बघायची. आंधळ्या सशासाठी विचारायची, "सोफा सारखा इकडचा तिकडे करता का हो?" लोकांना कळेना, ही ससा द्यायला आलीये की घर विकत घ्यायला.

तिरप्या नावाच्या सशाचं मात्र कुठे जमेना. कानाच्या आजारातून तो वाचला, पण मान कायमची वाकडी राहिली. घाईने वळला की तोल जाऊन लोळायचा. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या वळकट्या लावाव्या लागत.

एकदा एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आली. तिला तिरप्या हवाच होता. सासरे लिफ्टमन म्हणून निवृत्त झालेले, हाताची घडी घालून दारातच उभे.

"घरात सांभाळायला मी एक पुरे नाही का?" ते म्हणाले.

ताईने हसून नकार दिला. घरातल्या एकाचंही मन नसलं तर ससा द्यायचा नाही, हा तिचा नियम होता. सूनबाई हिरमुसली.

पुढच्याच आठवड्यात म्हातारबुवा एकटे आले. हातात पँट होती, ती म्हणे लांब होतेय. ताईने माप घेतलं, तर बरोबर होती.

"तो वाकड्या मानेचा... गेला का?" त्यांनी शिलाई मशीनकडे बघत विचारलं.

"आहे अजून."

ते मागे जाऊन खाली बसले. गुडघे कुरकुरले. तिरप्या त्यांच्याकडे वळला आणि कोलमडला. म्हातारबुवा दचकले नाहीत. नुसता तळहात त्याच्या कुशीला टेकवला आणि तो आपला आपण उठेपर्यंत तसाच ठेवला. तेवढ्या वेळात दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

तरीही ताईने "बघू" म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांचं घर बघून आल्यावर रात्री जेवताना ती नवऱ्याला सांगू लागली, त्यांचे गुडघे दुखतात, सून दिवसभर कामावर असते, जिना अंधारा आहे.

"अडचण त्यांची आहे की तुझी?" नवरा म्हणाला. "तुला तो द्यायचाच नाहीये."

ताईने ताट उचललं आणि मोरीत जरा जोरातच ठेवलं. सकाळी तिने वळकट्या धुऊन वाळवल्या, औषधाची बाटली बांधली आणि तिरप्याला स्वतः पोचवून आली. त्या दिवशी तिने एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

म्हातारबुवांचा फोन रोज यायचा. "लेंड्या बारीक पडतायत, काय करू?" "आज डाव्या बाजूला झोपला, चालेल ना?" हळूहळू फोन कमी झाले. तिरप्या त्यांच्याकडे चांगली काही वर्षं जगला. शेवटी खाणं सुटलं, तेव्हा डॉक्टरीणबाई, सून आणि ताई तिघीही तिथे होत्या. म्हातारबुवा त्याला मांडीवर घेऊन बसले होते.

"पुन्हा ससा नको," नंतर त्यांनी बजावलं. ताईने आग्रह केला नाही.

पण घरं बघायला ते तिच्यासोबत जाऊ लागले. ते ताईपेक्षाही खडूस निघाले. परवा एका नव्या जोडप्याला त्यांनी घरातले सगळे गालिचे अंथरून दाखवायला लावले. जोडपं वैतागलं, पण लुळ्या पायांची एक पांढरी ससुली आता त्याच गालिच्यांवर फिरते.